बोलावणे येईपर्यंत

अमेरिकेत क्लिनिकल, काउन्सेलिंग किंवा स्कूल सायकॉलॉजी या शाखांत डॉक्टरेट करणाऱ्यांच्या वाटेत शेवटी असे एक वर्ष येते, जे त्यांच्या विद्यापीठाच्या हातात नसते. तासिका संपलेल्या असतात, प्रबंध अर्धामुर्धा लिहून झालेला असतो. पण वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी मिळत नाही. ती कुणाला द्यायची हे देशभर विखुरलेली शेकडो केंद्रे ठरवतात. त्यांत रुग्णालये असतात, विद्यापीठांची समुपदेशन केंद्रे असतात, तुरुंग असतात, वस्त्यांमधले दवाखानेही असतात. दरवर्षी चार हजारांच्या आसपास उमेदवार या फेरीत उतरतात. अर्ज नोव्हेंबरमध्ये जातात, मुलाखती डिसेंबर-जानेवारीत होतात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन्ही बाजू आपापला पसंतीक्रम कळवतात आणि त्याच महिन्यात निकाल लागतो. या वेळापत्रकात काही आठवडे असे असतात की अर्ज पोहोचलेला आहे, पण मुलाखतीचे बोलावणे आलेले नाही. ‘कॉल आला का?’ हा आपल्या ओळखीचा प्रश्न तेव्हा पंधरा ठिकाणांसाठी एकाच वेळी विचारला जात असतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपण कोणत्या शहरात राहत असू हेही त्याच्या उत्तरावर ठरणार असते. या दिवसांतली तगमग सहसा उमेदवाराच्या स्वभावाच्या खात्यावर मांडली जाते: तो फार काळजी करतो, तिला धीर नाही. या प्रकरणात मला दाखवायचे आहे ते वेगळे. ही तगमग मुख्यतः निवडीच्या रचनेतून येते, आणि जे रचनेतून येते ते रचना बदलून कमी करता येते. हा निव्वळ तर्क नाही. याच क्षेत्राने एकदा तसे करून दाखवले आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७०च्या दशकापासून १९९८पर्यंत या इंटर्नशिपा फोनवरून वाटल्या जात. इंटर्नशिप केंद्रांची संघटना, जिला सगळे ‘ॲपिक’ म्हणतात, १९६८मध्ये स्थापन झाली. तिने नियम केला की केंद्रांनी जागा देऊ करायच्या त्या फेब्रुवारीतल्या एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांत. त्याआधी केंद्रे एकमेकांच्या पुढे धावत चांगले उमेदवार लवकर पकडून ठेवत. त्या चढाओढीला आळा घालणे हा नियमामागचा हेतू होता. ठरलेल्या सकाळी घंटा झाली की फोन खणखणू लागत. एखाद्या विद्यार्थिनीला तिच्या तिसऱ्या पसंतीच्या केंद्राचा फोन आला, की ती ती जागा धरून ठेवी आणि पहिल्या पसंतीच्या फोनची वाट पाही. तिकडे पहिल्या पसंतीचे केंद्र आपल्या यादीतल्या वरच्या उमेदवाराच्या उत्तरासाठी थांबलेले असे, आणि तो उमेदवारही दुसऱ्या कुठल्या फोनसाठी थांबलेला असे. एकाचा होकार दुसऱ्याच्या नकारावर आणि तो नकार तिसऱ्याच्या फोनवर अडकलेला. अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि झियाओलिन शिंग यांनी या बाजाराचा अभ्यास करून १९९७मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात नेमकी हीच कोंडी मांडली आहे. प्रत्येक फोन काही मिनिटांचाच असला, तरी साखळी इतकी लांब होती की एका दिवसात ती सुटणे शक्य नव्हते. मग केंद्रे आडवाटेने विचारू लागली: आम्ही जागा दिली तर तुम्ही लगेच घ्याल का? नियमांना हे मान्य नव्हते. पण जो लगेच हो म्हणेल त्याला खऱ्या पसंतीच्या उमेदवाराआधी जागा देण्याकडे केंद्रांचा कल वाढला, कारण थांबावे तर दुसरा-तिसराही हातचा जाण्याची भीती. ज्याच्या हातात फोन होता त्याचे शहाणपण घड्याळाने हिरावून घेतले होते.

१९९९मध्ये फोनची जागा संगणकावरच्या जोडणीने, म्हणजे ‘मॅच’ने, घेतली. या पद्धतीच्या मुळाशी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२मध्ये मांडलेली एक साधी कल्पना आहे. प्रत्येक उमेदवार आपल्या यादीतल्या पहिल्या केंद्राकडे जातो. केंद्र आलेल्यांतले सर्वांत चांगले तात्पुरते ठेवून घेते आणि बाकीच्यांना परत पाठवते. परत आलेले आपल्या यादीतल्या पुढच्या केंद्राकडे जातात. तिथे आधी ठेवलेल्यापेक्षा सरस कुणी आला, तर आधीचा सुटतो आणि तोही पुढे सरकतो. कुणालाच पुढे सरकण्याची गरज उरली नाही की तात्पुरत्या जोड्या पक्क्या होतात. शेवटी अशी एकही उमेदवार-केंद्र जोडी उरत नाही की जे एकमेकांना आपापल्या वाट्याला आलेल्यापेक्षा जास्त पसंत करतात. फोनच्या दिवशी सात तासांतही न सुटणारी साखळी संगणक काही क्षणांत सोडवतो. महत्त्वाचे हे की यात घाईचा काही उपयोग उरत नाही आणि उमेदवाराने आपली पसंती लपवण्यातही फायदा नसतो. मॅचचे नियम तर याच्याही पुढे जातात: तुम्ही आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार, हे निकालापूर्वी कुणी कुणाला विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे अशा बाजारांच्या रचनेचे काम होते.

इथेच या गोष्टीचा शेवट झाला असता, तर हे प्रकरण लिहायचे कारण नव्हते. पण संगणक फक्त याद्यांवर चालतो, आणि केंद्र आपल्या यादीत सहसा त्यांनाच ठेवते ज्यांची मुलाखत घेतली आहे. उमेदवाराने न बोलावलेल्या केंद्राला पहिला क्रमांक दिला तरी त्याचा उपयोग नाही. म्हणजे फेब्रुवारीतल्या नीटनेटक्या मॅचच्या पुढ्यात डिसेंबरचा एक दरवाजा उभा आहे, आणि त्या दरवाजावर जुनाच फोनचा बाजार भरतो, फक्त फोनच्या जागी ई-मेल आला आहे. दीर्घकाळ चालत आलेल्या पद्धतीत प्रत्येक केंद्र आपापली कळवण्याची तारीख जाहीर करी. अनेकांची ती १५ डिसेंबरच्या आसपास असे, पण त्याआधी कधीही कळवण्याची मुभा असे. बोलावण्यासोबत जानेवारीतल्या दोन-चार तारखा येत, आणि ज्याचे उत्तर आधी त्याला हवी ती तारीख. शिकागोची आठ तारीख घेतली आणि नंतर बॉस्टनलाही आठच तारीख शिल्लक राहिली, तर दोन्हींपैकी एक गेले. साहजिकच मेल आल्या आल्या उत्तर देणे शहाणपणाचे ठरते, आणि ज्याला बरीच बोलावणी येतात तो ती सगळी स्वीकारून ठेवतो, कारण सोडून देण्यात त्याचा फायदा नसतो. या साठवणुकीचे गणित विक्रम मंजुनाथ आणि थायर मॉरिल यांनी वैद्यकीय रेसिडेन्सीच्या संदर्भात मांडले. केंद्रांच्या मुलाखतींची संख्या तेवढीच राहिली आणि वरचे उमेदवार जास्त मुलाखती देऊ लागले, तर एकूण मॅच बिघडते: मधल्या उमेदवारांपर्यंत बोलावणी पोहोचत नाहीत आणि काही जागा शेवटी रिकाम्या राहतात. म्हणजे शेवटच्या टप्प्यातली गर्दी नाहीशी झालेली नाही, ती एक टप्पा मागे सरकली आहे.

आता ही रचना माणसावर काय परिणाम करते ते पाहू. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी २०१६मध्ये पंचेचाळीस स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे, आणि साप असला तर हाताला विजेचा चटका बसायचा. घाम, बाहुल्यांचा आकार आणि खेळणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला ताण, तिन्ही मोजले गेले. चटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वाधिक नव्हता. तो सर्वाधिक होता शक्यता निम्मी-निम्मी असताना. त्याच्या दहा वर्षे आधी, २००६मध्ये, ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात काही लोकांनी थोडा उशिरा बसणारा सौम्य धक्का नाकारून लगेच बसणारा जोरदार धक्का निवडला होता, केवळ वाट पाहणे टळावे म्हणून. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना एक निरीक्षण नोंदवले, जे आज दुकानदारांनाही पाठ आहे: किती वेळ लागणार हे माहीत नसलेली वाट माहीत असलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते, कारण न सांगितलेली वाट कारण सांगितलेल्या वाटेपेक्षा लांब, आणि अन्यायाची वाटणारी न्याय्य वाटणाऱ्या वाटेपेक्षा लांब. इंटर्नशिपच्या डिसेंबरात हे तिन्ही गुण एकत्र येतात. शिवाय मेल कधीही येऊ शकतो, ही गोष्ट स्वतःच एक सवय घडवते. अनियमित अंतराने बक्षीस मिळत राहिले तर प्राणी थांबून थांबून नव्हे, तर संथपणे सतत टोचत राहतो, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून १९५७मध्ये पुस्तकरूपाने मांडले. तासातासाला इनबॉक्स उघडणारा उमेदवार बिघडलेला नाही. ज्या वेळापत्रकात त्याला ठेवले आहे, त्या वेळापत्रकाला साजेसे तो वागतो आहे.

या काळातले दुसरे दुखणे म्हणजे शांततेचा अर्थ लावणे. आज मेल आला नाही, म्हणजे नकार? हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याला हिशेबाचे उत्तर आहे. समजा एखादे केंद्र तीन अर्जदारांपैकी एकाला बोलावते. समजा बोलावण्यांपैकी चाळीस टक्के ते शेवटच्या आठवड्याच्या आधी पाठवते आणि नकार मात्र सगळे अगदी शेवटी. मग त्या आठवड्याच्या सुरुवातीला मेल न आलेल्या उमेदवाराची शक्यता तेहेतीस टक्क्यांवरून सुमारे तेवीस टक्क्यांवर येते. घट आहे, पण दार बंद झालेले नाही. पाचांत एकाहून थोडी जास्त शक्यता अजून आहे. हेच केंद्र नकारही त्याच वेगाने पाठवत असेल, तर शांततेने शक्यता अजिबात बदलत नाही, ती तेहेतीसच राहते. आणि एखादे केंद्र सगळी बोलावणी एकाच सकाळी पाठवून मग गप्प बसत असेल, तर दुपारची शांतता जवळजवळ नकारच असते. थोडक्यात, शांततेचा अर्थ अर्जाच्या दर्जात नसून केंद्राच्या टपालाच्या सवयीत दडलेला असतो, आणि ती सवय उमेदवाराला दिसत नाही. म्हणून तो उरलेली रिकामी जागा स्वतःविषयीच्या शंकांनी भरतो. सगळ्या केंद्रांनी होकार आणि नकार एकाच दिवशी कळवले, तर त्या दिवसापर्यंतच्या शांततेला काहीच अर्थ उरणार नाही. दिवस तितकेच राहतील, पण त्यांतून काही वाचून काढायचे नसेल.

मुळात बोलावणे न येणे ही किती विश्वासार्ह पावती आहे? याचे एक फार चांगले उत्तर टेक्सासमध्ये, काहीसे अपघाताने मिळाले. ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९च्या तुकडीसाठी दीडशे विद्यार्थी निवडले होते. मग राज्याच्या विधिमंडळाने आणखी पन्नास जणांना घ्यायला सांगितले. तोवर वरचे उमेदवार इतरत्र गेले होते, त्यामुळे मुलाखतीनंतरच्या क्रमवारीत खूप खाली असलेल्या, आधी नाकारलेल्यांतून हे पन्नास भरावे लागले. १९८७मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्याचा हिशेब आला: अभ्यासात, रुग्णांसोबतच्या कामात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. यावरून निवड करूच नये असे ठरत नाही. सगळेच पात्र असलेल्या ढिगातून चार जण काढायचे तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांत तेवढे अंतर नसते, जेवढे रेघ ओढल्यावर वाटू लागते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो या क्षेत्रात जास्त बोचणारा आहे. उद्या दुसऱ्यांची चिंता हाताळणार आहात, तर स्वतःची एवढीशी चिंता हाताळता येऊ नये का? याला उत्तर केट स्वीनी यांच्या कामातून मिळते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा दिलेल्या सुमारे दोनशे तीस पदवीधरांना, जुलैतली परीक्षा आणि नोव्हेंबरातला निकाल यांमधल्या चार महिन्यांत वेळोवेळी प्रश्न विचारले. लक्ष दुसरीकडे वळवणे, काही तरी चांगले शोधणे, वाईटाची तयारी ठेवणे, या ओळखीच्या युक्त्यांनी त्रास फारसा कमी झाला नाही. उलट ज्यांनी वाट पाहण्याचा काळ अस्वस्थतेत काढला, ते वाईट बातमी आली तेव्हा जास्त सावरलेले होते आणि चांगली आली तेव्हा जास्त आनंदी. स्वीनी यांच्या नंतरच्या अभ्यासात एक गोष्ट उपयोगी ठरलेली दिसते: ज्यात वेळेचे भान सुटते असे काम. पण तेही वेदनाशामक आहे, उपचार नव्हे. परीक्षेच्या निकालाची तारीख तरी जाहीर असते. तिथेही जे जमत नाही, ते मेल कधीही येऊ शकणाऱ्या डिसेंबरात जमावे ही अपेक्षा गैर आहे. चिंतेचे शास्त्र शिकलेल्या माणसाला चिंता होणार नाही असे मानणे, हाडांच्या डॉक्टरचा पाय मोडणार नाही असे मानण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. २०१२च्या सुमारास जागांचा दुष्काळ खरा होता. पहिल्या फेरीत पाचांतला एकाहून जास्त उमेदवार जागेविना राहत असे. मॅचला मार्चमधली दुसरी फेरी आधीच जोडली गेली होती. मग नव्या केंद्रांवर पैसा आणि श्रम खर्च झाले, आणि २०१८च्या सुमारास एकूण जागा उमेदवारांपेक्षा जास्त झाल्या. मग भीती कशाची? भीती बेरजेची नसते, तिच्यातल्या आपल्या वाट्याची असते. कुणाचा जोडीदार एका शहरात नोकरीला असतो, कुणाला लहान मुलांसोबत काम करायचे असते, कुणाला मज्जासंस्थेच्या विकारांत विशेष शिक्षण हवे असते. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांत पुण्या-मुंबईतून मानसशास्त्राची पदवी घेऊन गेलेले मराठी विद्यार्थीही आले, ही बेरीज आणखी आक्रसते. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांची साखळी मानसशास्त्राच्या प्रशिक्षणाची देशातली सर्वांत मोठी जागा आहे, पण तिथल्या इंटर्नशिपसाठी अमेरिकी नागरिकत्व लागते. इतरही काही केंद्रे व्हिसाच्या कारणाने हात आखडता घेतात. तेव्हा एकूण जागा पुरेशा आहेत हे वाक्य खरे असूनही एखाद्यासाठी पोकळ ठरू शकते. त्याच्यासाठी मोजण्याजोगा आकडा एकच: आलेली बोलावणी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो मी पूर्ण फेटाळणार नाही. सर्वांना एकच तारीख दिली, तर गर्दी त्या तासावर येईल. सगळी बोलावणी एकाच वेळी सुटतील, सगळे उमेदवार एकाच वेळी तारखांवर झडप घालतील, आणि आपण १९९८च्या फोनच्या दिवशी परत पोहोचू. हे खरे आहे. एकट्या तारखेने काम होत नाही, हाच तर फोनच्या दिवसाचा धडा होता. म्हणून तारखेसोबत आणखी दोन नियम हवेत. जितक्या मुलाखती घ्यायच्या तितकीच बोलावणी पाठवायची, आणि उत्तर द्यायला काही दिवसांची मुदत द्यायची. अमेरिकेतल्या प्रसूतिशास्त्राच्या रेसिडेन्सी कार्यक्रमांनी अलीकडच्या वर्षांत अशा स्वरूपाचे मानक स्वीकारले. कान-नाक-घशाच्या शाखेने २०२०-२१च्या फेरीत आणखी एक उपाय वापरला: उमेदवाराला मोजकेच ‘संकेत’ दिले जातात, आणि तो ते आपल्या खऱ्या आवडीच्या केंद्रांना पाठवतो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या भरतीत हीच युक्ती २००६-०७पासून आहे. तिथे प्रत्येकाला दोन संकेत मिळतात. संकेत मोजके असल्यामुळेच त्यांना किंमत असते. त्यामुळे केंद्राला कळते की या उमेदवारासाठी आपण पंधरा केंद्रांतले नुसते एक नाही. लहान केंद्रांकडे माणसे कमी असतात, त्यांना तारीख पाळणे जड जाईल, ही तक्रारही रास्त आहे. पण सामायिक तारीख अर्ज वाचण्याची घाई करत नाही. ती फक्त लवकर वाचून झालेल्यांना तोंड मिटून ठेवायला सांगते. संथ केंद्रांना त्याचा तोटा नाही, फायदा आहे, कारण त्यांच्या आधी कुणी उमेदवारांच्या तारखा अडवू शकत नाही.

इथे आपल्याकडच्या प्रवेशप्रक्रियेची आठवण येणे स्वाभाविक आहे. २०१५पासून आयआयटी आणि एनआयटीच्या जागा ज्या संयुक्त प्रक्रियेने वाटल्या जातात, तिचा गाभाही गेल आणि शॅप्ली यांच्याच कल्पनेचा आहे. तिथे डिसेंबरचा दरवाजा नाही, कारण गुणवत्ता यादी आधीच लागलेली असते आणि कुणी कुणाला भेटायचे नसते. मग मानसशास्त्रानेही मुलाखती बंद कराव्यात का? इतके पुढे जाण्याची गरज नाही. इंटर्न वर्षभर रुग्णांसमोर बसणार आहे. केंद्राला माणूस पाहावासा वाटणे आणि माणसाला केंद्र पाहावेसे वाटणे यात गैर काही नाही. प्रश्न भेटीचा नसून भेटीच्या आमंत्रणाला शिस्त आहे की नाही, याचा आहे. ॲपिकच्या नियमांत या शिस्तीचे एक बीज फार पूर्वीपासून आहे: पूर्ण अर्ज केलेल्या प्रत्येकाला, बोलावले नसले तरी, जाहीर केलेल्या तारखेपर्यंत कळवायचे. नकार कळवण्याची सक्ती ही कोरडी औपचारिकता वाटेल. पण दगडाखालचा साप दाखवणारा नकारच असतो, आणि तो मिळाल्यावर माणूस दुसऱ्या दगडाकडे वळू शकतो.

शेवटी दोन फेब्रुवारींकडे एकदा पाहावे. १९९८चे उमेदवार आणि १९९९चे उमेदवार यांच्या स्वभावात काही फरक नव्हता. मधल्या वर्षात कुणी त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले नव्हते, धीर धरायला सांगितले नव्हते, मन घट्ट करायला लावले नव्हते. तरीही पहिल्या फेब्रुवारीत लोक फोनपाशी बसून होते, कुणी तरी पुढच्या दहा मिनिटांत हो की नाही म्हणायला लावेल या धास्तीत. आणि दुसऱ्या फेब्रुवारीत फोनपाशी बसण्याचे कारणच उरले नव्हते. बदलला होता तो फक्त नियम.